कोरड्यात टाकलेलं जाळं

३ जाने., शुक्र.
खात्याकडून आम्हा फिरत्या विशेष शिक्षिकांना खेळण्यांची पेटी आली. आत प्लॅस्टिकचा केक, वर पाच मेणबत्त्या. पिझ्झ्याचे सहा तुकडे. गोल तबकडीचा फोन, तो माझ्या वडिलांनंतर कोणी फिरवला नसेल. पेटीवर नाव ‘कल्पक खेळ संच’. कल्पना कोणाची, ते लिहिलेलं नाही.

गोंडपिपरीहून बस, पुढे तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पायी. पेटी डोक्यावर. एका म्हातारीने विचारलं, काय विकता बाई? म्हटलं, खोटं-खोटं. म्हणाली, ते त निवडणुकीत फुकट भेटते.

पिंकी (वहीत पिं.) साडेचार वर्षांची. चालली उशिरा, शब्द चार. तिने केक उलटा केला, खालची बशी काढली आणि बशी फिरवत बसली. चाळीस मिनिटं. मेणबत्त्या मीच फुंकल्या. एकावन्नाव्या वर्षी, एकटीने.

निघताना तिची आई सुनंदा पाळीपर्यंत आली. नवरा टोळीबरोबर आधीच गेलाय तेलंगणात, मिरची तोडायला. हिची गाडी २८ तारखेला. दोन महिने. म्हणाली, “पोरगी इथी काई शिकून राह्यली असन त ठेवीन बुढ्या सासऱ्यापाशी. नाई त नेईन. नुसती बसाची असन त तिथी बी बसनच.”
मागल्या वर्षी नेली होती. ओढणीने कंबर बांधून झाडाखाली ठेवायची. पिं. तिखटाचे हात डोळ्यांना लावायची आणि दिवसभर रडायची.

म्हणजे मला अजून सात फेऱ्या. मंगळ-शुक्र.

७ जाने., मंगळ.
पेटी घरीच ठेवली. सुनंदाचाच स्टीलचा कप घेतला, रिकामा. मी सुर्रकन प्यायले, पिं.ने कप तोंडाला लावला. मी पुन्हा, तिने पुन्हा. सुनंदा खूश. मी नाही. मी कप उचलते म्हणून ती उचलते. ही कवायत झाली. कपात चहा आहे असं तिच्या मनात आलं पाहिजे, आणि मनात आलं हे मला बाहेरून कळलं पाहिजे. कसं, ते पुस्तकात सोपं दिसतं.

शेजारच्या गावात नळाचं उद्घाटन झालं म्हणे. पाणी नाही, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पिं.ने नसत्या वाजवल्या. अशा मुलीला मी सुधारायला निघालेय.

१० जाने., शुक्र.
आज एक दिसलं. पिं.चा आजा (सुनंदाचा सासरा) तलावावरून आला आणि फेकजाळं कुंपणावर वाळत टाकलं. पिं.ने बशी सोडली. आपणहून उठली, जाळ्याच्या घरात बोटं घालून उभी राहिली. मी ह्या घरी येतेय तेव्हापासून तिला बशी सोडताना पाहिलं नव्हतं.

आज्याला म्हटलं, अंगणात टाकता का जाळं? तिच्यासमोर, खोटं-खोटं?
“कोरड्यात जाळं टाकत नसतात बाई.”
काऊन म्हणून विचारलं. त्याच्या बापाने टाकलं नाही, बापाच्या बापाने टाकलं नाही, बस. मी वाद घातला. मग तो शांतपणे म्हणाला, “तुमी सरकारच्या. तुमाले पान्याबिगर चालते.”
सुनंदा पदरात तोंड घालून हसत होती. मलाही हसू आलं, पण बसमध्ये. तिथे हसले असते तर हरले असते.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
तिळगूळ घेऊन गेले. आज्याने खाल्ला, गोड बोलला नाही. उठला आणि काही न सांगता जाळं अंगणात टाकलं. काय सुंदर उघडतं ते, आणि उघडताना ह्या म्हाताऱ्याला पाठदुखी नसते.

पिं. रांगतच गेली. जाळ्यात हात घातला आणि मासोळी काढली. खरी. ओली.
मला दोन क्षण वाटलं... काय वाटलं ते लिहीत नाही, वय झालंय.

बुढ्याने सकाळचा मासा आधीच जाळ्याच्या घडीत लपवून आणला होता. मी चिडले. म्हणाला, “लेकराले रिकामं जाळं दाखवू काय?”
मुलांना फसवणारे पुष्कळ पाहिले. खरं देऊन खोट्याचा घात करणारा हा पहिला. पिं.ने मासा टोपलीत टाकला आणि टोपली आईकडे नेली. तिच्या लेखी हे काम होतं, खेळ नव्हे.

१७ जाने., शुक्र.
ठरवून, मासोळीशिवाय. पिं.ने जाळं चाचपलं, ओढलं, पुन्हा चाचपलं. मग मनगट चावून रडली. कोपऱ्यात जाऊन बसली, बशीसुद्धा नको. आजा माझ्याकडे बघेना. चूक माझी. एकदम रिकामं दाखवायचं नसतं, कोणीतरी आधी भरून दाखवावं लागतं. मला माहीत होतं. घाई झाली, २८ तारीख दिसते.

निघताना आज्याने विचारलं, “नसलेली मासोळी तिच्या कोन्त्या कामाची, बाई?”
भाषा वाढते, समज वाढते वगैरे मला पाठ आहे. ते नाही सांगितलं. म्हटलं, आई नजरेआड झाली की पिं.साठी आई संपते, म्हणून ती किंचाळते. समोर नसलेली गोष्ट मनात धरता आली, तर दोन महिने आईही धरता येईल. कदाचित.
तो जाळं गुंडाळत राहिला.

२१ जाने., मंगळ.
नीट लिहायचं. क्रमाने.
मी पोचले तेव्हा आज्याने जाळं आधीच टाकलेलं. आत काही नाही, मी तपासलं (तो रागावला). मग तो उकिडवा बसला, हात घातला, मुठीत काहीतरी पकडलं, ते सुटू पाहतंय, हा दाबतोय, “अबे, अबे थांब न...” आणि टोपलीत फेकलं. हात धोतराला पुसला. रोहू होता. दोन किलोचा तरी. मला दिसला.
पिं. जाळ्याकडे नाही, त्याच्या तोंडाकडे पाहत होती. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मी गप्प. (माझं गप्प राहणं, नोंद घ्यावी.)

चौथ्यांदा तिने हात घातला. अंगठा आणि दोन बोटं, अगदी हळू, वरून नव्हे, डोक्यामागून. मांगूर मासा असा धरतात, डोक्याच्या दोन्ही बाजूंचा काटा लागू नये म्हणून. बोटांत काही नव्हतं. ते तिने टोपलीत टाकलं आणि टोपलीत वाकून पाहिलं.
आज्याने रोहू काढले होते, मुठीने. मांगूर त्याने काढलाच नव्हता. मांगूर कुठून आला?

म्हातारा टोपलीत वाकला. तो हळूच म्हणाला, “काट्याचा होता.”

सुनंदा सरपणाला गेलेली. आल्यावर सगळं सांगितलं, बोटं कशी धरली तेही करून दाखवलं. “मी नाई पाह्यलं,” म्हणाली. फोटो नाही. असता तरी त्यात काय दिसतं? एक मुलगी, रिकामा हात.

२४ जाने., शुक्र.
सुनंदा मुद्दाम घरी थांबली. आजा तीनदा जाळं टाकून थकला. पिं.ने सकाळभर बशी फिरवली. मी म्हटलं असं होतं, येतं नि जातं. सुनंदा म्हणाली, “हो न बाई,” आणि आत जाऊन पिं.चे कपडे घड्या घालू लागली.

२८ जाने., मंगळ.
पहिल्या बसने आले. पिकअप आधीच उभी, आत आठ बाया. ओट्यावर दोन गाठोडी, एक मोठं, एक लहान. आज्याने जाळं टाकलेलं. कोणी सांगितलं नव्हतं. पिं. टोपलीजवळ, काहीच करत नव्हती.

सुनंदाने मोठं गाठोडं गाडीत दिलं. लहान उचलायला वळली आणि थांबली. टोपलीसमोर बसली. अंगठा आणि दोन बोटं आत घातली, जपून काहीतरी काढलं आणि पदराच्या टोकात बांधलं. म्हणाली, “हे मी नेतो संग.”
पिं.ने पदर पाहिला. आईचं तोंड पाहिलं. मग गाठ ओढायला लागली. बराच वेळ लागला, तिची बोटं तेवढी चालत नाहीत. कोणी मदत केली नाही. गाठ सुटली. पदरातून तिने काढलं, परत टोपलीत टाकलं. पदर मात्र सोडला नाही.

सुनंदा माझ्याकडे वळली. “बाई, हे मासोळीसाठी का माह्यासाठी?”
म्हटलं, मला माहीत नाही. एवढं खरं मी ह्या नोकरीत क्वचितच बोलले असेन.

ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. गाडीतली एक बाई ओरडली, चाल वो, उन्ह होते. आजा जाळं गोळा करत नाही, तसंच ठेवलंय. लहान गाठोडं ओट्यावर माझ्या शेजारी आहे, त्यालाच टेकून हे लिहितेय. सुनंदा अजून खालीच बसलीय. आता तिने पुन्हा टोपलीत हात घातला आहे आणि पिं. वाकून पाहतेय...