लादीभर बर्फ आणि पातेलंभर कोरा चहा

भाईंदर (प.),
सोमवार, १९ मे

श्री. दशरथराव यांना आत्मारामाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतोय का? ताईंची शुगर कशी आहे? आंबे उतरवून झाले असतील. फणसाला माणूस मिळाला का? पुढची सगळी विचारपूस मी केली असं समजावं, कारण माझं चित्त थाऱ्यावर नाही. एवढं लिहिताना दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो. खरं तर फोनच केला असता, पण कमी ऐकू येतं म्हणून तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि मला जे सांगायचंय ते तुमच्या माजघरात बसलेल्या माझ्या बायकोने ऐकू नये. (ती जेवतेय ना, झोप लागते ना, हे मी विचारत नाही.)

उर्मिला तुमच्याकडे आली त्याला आज बारा दिवस झाले. तिने उकाड्याचं कारण सांगितलं असेल. खरं कारण डबे. तुम्हाला ठाऊक आहे, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. मार्चमध्ये निवृत्त झालो आणि घरात बसून हात शिवशिवायला लागले. एका दुपारी ती भजनाला गेलेली असताना मी स्वयंपाकघरातले एकूण एक डबे उतरवले, पुसले, त्यांवर नंबर टाकले, नंबराप्रमाणे लावले आणि यादी फ्रीजवर चिकटवली. संध्याकाळी तिने फोडणीला तेल तापवलं आणि मोहरी सापडेना. मी हॉलमधून, मदत म्हणूनच, ‘नऊ नंबर’ असं सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि बॅग भरली. जाताना एवढंच म्हणाली की चौतीस वर्षांत या घरात माझी म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती. मला तेव्हा अर्थ कळला नाही. यादीत काही चुकलं असेल असं वाटलं.

तिला परत कसं आणायचं याचा मी पुष्कळ विचार केला. माफी मागणं हा एक मार्ग होता, पण त्याची मला सवय नाही. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या दिव्याने नोकरी लागल्यावर आम्हा दोघांना मीरा रोडच्या एका कॅफेत नेलं होतं. तिथे उर्मिलाने पीचचा आइस टी घेतला, स्ट्रॉचा आवाज येईपर्यंत प्याली आणि म्हणाली, असा घरी जमला पाहिजे. मी म्हटलं, गार झालेला चहा मी रोज बेसिनमध्ये ओततो, त्यात काय जमवायचंय. दिव्या हसली, ही हसली नाही. त्यानंतर तिने त्या चहाचं नावसुद्धा काढलं नाही. तेव्हा ठरवलं, ती परत येईल त्या दिवशी फ्रीजमध्ये फळांच्या आइस टीचा जग भरलेला असेल. (ती परत का येईल, हे ठरवायचं राहिलं होतं.)

पहिला चहा आपल्या पद्धतीने केला, आलं घालून चांगला दहा मिनिटं उकळला. सवयीने हात दुधाकडे गेला. वर लिंबू पिळलं, त्याचं पनीर झालं. दुसऱ्यांदा दूध वगळलं, तर तो एवढा तुरट झाला की जीभ टाळूला चिकटली. (दिव्याने पुण्याहून फोनवर सांगितलं, बाबा, हा चहा उकळायचा नसतो, गरम पाण्यात पावडर टाकून चार मिनिटं झाकून ठेवायची. निवृत्त माणसाने चार मिनिटं स्वस्थ बसणं किती कठीण असतं ते एकदा करून बघा.) बाजारात पीच नव्हतं. फळवाल्याने ‘अंकल, पीच छोडो, आलूबुखारा ले जाओ’ म्हणून ते गळ्यात मारलं. डोंगरीहून गोदूबाई जांभळं घेऊन येते; तिने कशाला हवीत विचारलं आणि ऐकल्यावर टोपलीच मागे ओढली. ‘चायमदी? न्हाय देनार,’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी खोटं बोलून घ्यावी लागली. मग तुम्ही पाठवलेलं कोकम वापरलं. बाटलीवर ‘कोकम सरबत’ अशी पट्टी मीच लावलेली, आणि आत निघालं मिठाचं आगळ. एकतीस वर्षांच्या स्टोअर-कीपरची ही अवस्था.

शेवटी शनिवारी ठरवलं, एकदाच मोठ्या प्रमाणावर करायचं. वेगवेगळ्या फळांचे तीन-चार जग शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची. सत्यनारायणाच्या प्रसादाचं पातेलं काढलं, त्यात पातेलंभर कोरा चहा केला आणि लवकर निवावा म्हणून सताड उघड्या दारात, वाऱ्याच्या तोंडाशी ठेवला. (कोऱ्या चहाला कोण हात लावतो?) फ्रीजमधल्या ट्रेच्या बर्फाने काय होणार, म्हणून मासळी बाजाराजवळून बर्फाची अख्खी लादी गोणपाटात गुंडाळून रिक्षाने आणली. लिफ्टमध्ये समोरच्या सावित्रीबाई भेटल्या. माझी चार दिवसांची दाढी, डोळ्यात लिंबू उडाल्याने डोळे लालभडक. त्यांनी टपटपणारी लादी पाहिली, वर आल्यावर दारातलं पातेलं पाहिलं, ‘दूध नाही घातलंत?’ एवढंच विचारलं आणि मी नाही म्हणताच पदर तोंडाला लावून घरात गेल्या. आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. उर्मिला रागावून गेली हे कुणाला कळू नये म्हणून मी बिल्डिंगभर सांगितलं होतं, की तिची तब्येत ठीक नाही, म्हणून बहिणीकडे आहे. सावित्रीबाई महाडच्या. कोरा चहा मयताच्या घरी करतात आणि बर्फाची लादी गावाहून माणसं येईपर्यंत मयत ठेवायला आणतात, हे त्यांना कुणी सांगायला नको.

अर्ध्या तासात दाराबाहेर चपलांचा ढीग. सेक्रेटरी कुलदीपने मला मिठी मारली, ‘हिम्मत रखो अंकल’ म्हणाला. मला वाटलं, माझ्या प्रयोगांची बातमी पसरली आणि माणसं चव बघायला आली. मी सगळ्यांना ग्लास दिले. सगळे मान खाली घालून प्याले. जांभळाचा बरा की आलूबुखाऱ्याचा, असं मी विचारलं तर दोघी रडायला लागल्या. मग एकेक जण बोलू लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजारी सासूला उर्मिलाने दोन महिने रोज पेज नेऊन दिली होती. वॉचमनच्या मुलीला ती दुपारी इंग्रजी वाचून दाखवायची. कुलदीपच्या आईला मराठी येत नाही आणि हिला धड हिंदी येत नाही, तरी दोघी तासभर गप्पा मारायच्या. दशरथराव, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आणि खोटं कशाला सांगू, ही माणसं काय समजून आली आहेत ते माझ्या एव्हाना लक्षात आलं होतं, तरी मी त्यांना थांबवलं नाही. मला ऐकायचं होतं. मग मात्र फार भीती वाटली, कारण ती नसेल तर हे घर असंच दिसणार होतं. मी सगळ्यांसमोर रडलो, आणि मग खरं सांगितलं.

तोवर कुलदीपने बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा हळदीकुंकवातला फोटो ‘भावपूर्ण श्रद्धांजली’सकट टाकला होता. त्या ग्रुपवर उर्मिलाही आहे. मी ताबडतोब खुलासा टाकला. तिने तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसतात, पण दोन दिवस झाले, उत्तर नाही आणि फोन बंद. सावित्रीबाई बोलत नाहीत, उर्मिला गेली समजून त्यांनी खुळ्यासारखा उपास धरला होता म्हणे. मी डब्यांवरचे नंबर खरवडून काढले. पण आधी काय कुठे होतं तेच आठवेना, म्हणून सगळे डबे जमिनीवर मांडून ठेवलेत आणि त्यांच्यातून वाट काढत चहा करतोय. तिला म्हणावं, घाई नाही, सवडीने ये. मी मजेत आहे.

तुमचा साडू,
आत्माराम

ता. क. मी मजेत नाही. हे पत्र माजघरात मोठ्याने वाचा, पण तिच्यासाठी वाचताय असं दिसू देऊ नका. नंतर तिचा चेहरा कसा झाला ते मला कळवा.

ता. क. भाऊजी, हे अक्षर उर्मिलाचं. आज सकाळी सुखरूप पोचले. पत्र टेबलावर होतं, वाचलं आणि मीच टपालात टाकतेय, कारण काल एवढ्या तडकाफडकी का निघालीस असं तुम्ही विचारलंत आणि मी काही बोलले नाही. यांनी ग्रुपवर काय खुलासा टाकला ते यांनी वर लिहिलेलं नाही. तो असा: ‘उर्मिला आहे. ती माझ्यामुळे घरात नाही. चूक माझी.’ मला एकटीला सांगितलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. बेचाळीस घरांच्या देखत लिहिलंय. माझा लांबचा चष्मा आणि बीपीच्या गोळ्या तुमच्या खिडकीत राहिल्यात, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा. चहा प्याले. कसा झालाय म्हणून हे मघापासून समोर उभे आहेत, आणि मी अजून सांगितलेलं नाही.