ॲम्पची वायर मी काढली आहे

छोट्या,

गाडी स्टार्ट होईना म्हणून तू बॅटरी मागायला धावलास, तेवढ्यात शेजारच्या काकांनी बाबांना त्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मी कपडे न्यायला आले होते. तुझा फोन गाडीतच गाण्यांना जोडलेला राहिलाय, म्हणून ही चिठ्ठी.

गाण्यांचा आवाज वाढवणाऱ्या त्या ॲम्पची वायर बॅटरीवरून काढली आहे. परत हात लावलास तर बघ. बाबा कानीकपाळी ओरडून सांगत होते, बॅटरी बाराच व्होल्टची आहे, तू हजार वॅट मागितलेस तर ऐंशीच्या वर अँपिअर ओढले जाणार, इंजिन बंद ठेवून वाजवू नकोस, बॅटरी उतरेल. आणि तू? फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याहून मोठा घातलास आणि काचा वर करून बसलास. बाबा जिन्यावरून पडले तेव्हा तुलाच हाका मारत होते. त्या समोरच्या घरात ऐकू गेल्या. तू दारातल्या गाडीत होतास.

काहीतरी खाऊन ये. वॉर्डात मात्र रडू नकोस, त्यांना सगळं कळतंय. डोक्याला मार लागून फक्त वाचा गेली आहे, आणि ती परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

आता आवाज कितीही बारीक कर, बाबांची हाक येणार नाही.

ताई