नळी बदलली, काडतूसही

चॅलिस, आयडाहो
१२ ऑगस्ट

प्रिय डॅड,

तुमची रायफल तयार आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही आधी बोलता आणि मग माझं राहून जातं.

जुनी नळी सहजासहजी निघाली नाही. दोन दिवस सांध्यात तेल मुरवलं, नळी शिकंज्यात आवळली आणि पान्याला अक्षरशः लोंबकळलो. व्हर्ना गल्ल्यावरून म्हणाली, "अरे, चाळीस वर्षांचा संसार आहे तो, एका दमात काडीमोड होईल होय?" तिसऱ्या दिवशी कट् आवाज झाला आणि ती फिरली. नव्या नळीत काडतुसाचं घर मी केसाकेसाने खोल करत नेलं. मापाच्या दोन खोट्या काडतुसांपैकी पहिल्यावर रायफलचा मागचा सरकता बोल्ट मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. मी दोन्ही अकरा वेळा घालून पाहिली. "बाराव्यांदा पोलादच कंटाळून हो म्हणेल," व्हर्ना म्हणाली. दुकानाची मालकीण असली तरी तिचं बोलणं मला लागत नाही.

आता रागावू नका. तुम्ही जुन्याच थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची नळी घाल म्हणाला होतात. मी सेव्हन-एमएम-ओ-एट या हलक्या काडतुसाची घातली आहे. एल्कसारख्या मोठ्या हरणालाही ती पुरते आणि खांद्याला धक्का बराच कमी बसतो. काडतूस आखूड आहे, म्हणून मॅगझिनमध्ये मागे छोटा ठोकळा बसवला आहे. नळीवर काडतुसाचं नवं नाव ठोकलं आहे. ठोकण्याआधी कागदावर लिहून चार वेळा वाचलं, कारण पोलादावर खोडता येत नाही. जुनी काडतुसं मात्र शिकारीच्या कोटातून, ट्रकच्या कप्प्यातून, सगळीकडून काढून टाका. चुकून एखादं घातलंत तर बोल्ट मिटणार नाही, आणि तुम्ही जोर लावाल. तुमचा जोर मला माहीत आहे.

नळी झिजली आहे असं तुम्ही म्हणाला होतात. ती झिजली नव्हती. जूनमध्ये तुम्ही रायफल ठेवून गेलात, त्यानंतर व्हर्नाने ती बाकावर टेकवून पाच गोळ्या झाडल्या. पाचही कॉफीच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत लागल्या. रायफलवरच्या दुर्बिणीला आम्ही हातसुद्धा लावला नव्हता; गेल्या ऑक्टोबरात होती तशीच ती होती.

रायफल ठेवून गेलात त्याच दिवशी सकाळी तुम्ही नेमबाजीच्या मैदानावर नेम धरत होतात, तेव्हा मॅगझिन मी भरून दिलं होतं. त्यातलं तिसरं काडतूस बिनदारूचं होतं. व्हर्ना नवशिक्यांना असंच तपासते. तुम्ही चाप ओढलात. आवाज नाही, धक्का नाही, तरी नळीचं टोक वीतभर खाली गेलं आणि तुमचे डोळे गच्च मिटलेले होते. "फुसकं निघालं रे, असला माल विकता होय!" तुम्ही म्हणालात. मी "हो डॅड" म्हणालो. न सांगता तपासलं, ही चूक माझी. पण तुमच्या त्या खांद्याच्या ऑपरेशननंतर शरीर धक्क्याआधीच अंग चोरतं, त्यात भित्रेपणा काही नाही. व्हर्ना म्हणते, तिचाही खांदा आता गोळीच्या आधीच घरी पळतो.

मला गेल्या ऑक्टोबरातला एल्क आठवतो. तुमची गोळी त्याच्या पोटात लागली आणि आपण दोन दिवस बर्फातल्या रक्तामागे चाललो. तो सापडला नाही. कॅफेत डार्लने विचारलं, "काय हार्लन, तुझा नेम कधीपासून चुकायला लागला?" तुम्ही कपात बघत म्हणालात, "नेम कसला चुकतोय? या पठ्ठ्याने दुर्बीण वाकडी बसवली." सगळे हसले. "वेंडेल, आधी तुझा चष्मा बदल!" डार्ल म्हणाला. आणि मी म्हणालो, "सॉरी, डॅड." तेव्हापासून गिऱ्हाईकं हळूच विचारतात, दुर्बीण व्हर्नाच बसवेल ना? हिवाळाभर मी दुसऱ्यांच्या दुर्बिणी पुन्हापुन्हा मोजत बसलो. माझे हात माझेच वाटेनात.

परवा मॉमने सहज बोलता बोलता सांगितलं की नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगपर्यंत तुम्ही दर रविवारी चर्च चुकवून, माग हरवला त्या कड्याखाली एकटेच जात होतात, एल्क शोधायला. दुर्बिणीची चूक असती तर तुम्ही मला बरोबर नेलं असतं, आणि वाटभर बोलला असतात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. डॅड, म्हणून हे पत्र. कॅफेतली माझी ती माफी मी परत घेतो. रायफल मी पाठवणार नाही; ती न्यायला तुम्ही स्वतः या. चारचौघांत काही बोलू नका हवं तर. फक्त मला म्हणा, दुर्बीण सरळ होती. मग या हंगामात मी तुमच्याबरोबर डोंगरात येईन. नाही म्हणालात तरी रायफल तुमचीच आहे, खुशाल घेऊन जा. पण माग काढायला या वर्षी दुसरं कुणीतरी बघा.

तुमचाच,
वेंडेल