पुंजाजीची जागा

३ डिसेंबर २०२४, मंगळवार
ठरलं. २८ तारखेला, शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता 'पुंजाजी स्मृती जॅझ संध्याकाळ'. ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल. अमरावतीत जॅझचे जाणकार दोनशे तरी असतील, फक्त ते एकमेकांना ओळखत नाहीत. आजपासून रोज दोन तास रियाज.
सॅक्सोफोन काढला. कवळी लावून फुंक बसत नाही, कवळी काढून सूर बसत नाही. उद्यापासून.

५ डिसेंबर, दुपारी ३
रियाज चाळीस मिनिटं. वय एकाहत्तर धरलं तर हे दोन तासच झाले.
अकोल्याचा मिलन क्लब आठवला. दर शनिवारी आम्ही चौघं. ड्रम्स, पियानो, माझा सॅक्सोफोन आणि पुंजाजीची ट्रंपेट. समोर डॉक्टर, कापसाचे जिनिंगवाले, साहेब लोक. मी दिवसा सिंचन खात्यात क्लार्क. पुंजाजी अकोटचा माळी, सकाळी मंडईत भाजी विकायचा. ट्रंपेट मामाच्या बँड पार्टीत शिकला, जॅझ रेडिओवर. एक ओळ मी वाजवायचो, मग सोळा मात्रा त्याच्या. लोक काटे-चमचे खाली ठेवायचे.
१९८४ मध्ये त्यानं क्लब सोडला. स्वतःहून. घरचं कारण. मी खूप अडवलं. (भाषणात घेणे.)

९ डिसेंबर, सोमवार
एक बारीक गोष्ट. मी एकटा वाजवतो तेव्हाही ओळीनंतर सोळा मात्रा मोकळ्या सोडतो. माझी स्टाइल आहे. तर आज त्या मोकळ्या जागेत ट्रंपेट ऐकू आली. गच्चीकडून. हलकी, रुमाल कोंबून वाजवतात तशी.
पाण्याच्या टाकीचा प्रतिध्वनी. टाकी अर्धी रिकामी असली की होतं असं.

१० डिसेंबर
टाकी काठोकाठ भरली. तरी आली.
लग्नसराई आहे. कुठला तरी बँड प्रॅक्टिस करत असणार. दुपारी तीनला, रोज, माझ्याच सुरात. योगायोग.

१२ डिसेंबर
खिडक्या बंद करून वाजवलं. आज गच्चीवरून नाही, कपाटाच्या बाजूनं. शकुनला, म्हणजे बायकोला, विचारलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणे, मले काई आयकू येत नाई, अन् तुमी ओळ वाजवून थांबता कावून? कोनाची वाट पाह्यता?
हिला संगीतातलं कळत नाही.
कानाच्या डॉक्टरकडे जाणे. सोमवारी.

१४ डिसेंबर, शनिवार
पोस्टर आले. प्रेसवाल्याला 'जॅझ' ही चूक वाटली. त्यानं आपल्या मनानं 'गझल संध्याकाळ' छापलं. आधी संतापलो, मग विचार केला, गझलवाले आले तर बरंच. नवा ऑडियन्स.
ड्रमरच्या घरी फोन केला. मुलगा म्हणाला, बाबा वारून सहा वर्षं झाली. पियानोवाला पुण्याला, ओळखत नाही. हरकत नाही. मोबाइलमध्ये ताल देणारं ॲप आहे. उद्या शिकणे.

१७ डिसेंबर, मंगळवार
पुंजाजीचा फोटो हवा म्हणून सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेलो. क्लबच्या जागी मंगल कार्यालय. आतून हळदीचा वास. थांबलो नाही.
पार्बताबाई, पुंजाजीची बायको, जुन्याच घरी. मंडईत फुलं विकते. ओळखलं लगेच. म्हणे, या भाऊ, लय वर्सांनी. चहा दिला. मी प्यायलो. पाहुणा म्हणून गेल्यावर नाही म्हणता येत नाही.
मी कार्यक्रमाचं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, भाऊ, तुमी तवा सांगतलं व्हतं ना, क्लबातलं वाजवनं बंद झालं म्हनून?
मी म्हटलं, तेव्हा परिस्थिती तशी होती.
ती म्हणाली, थे दर शनवारी इस्त्रीचा सदरा घालून बसत. म्हनत, पुन्ना सुरू झालं की सूर्यभान बलावीन मले. मंग एक डाव क्लबात हार पोचवाले गेले. भिंतीआडून तुमचं वाजवनं आयकलं. घरी येऊन रागावले नाई. म्हने, सूर्यभान माही जागा रिकामी ठेवून राह्यला, कोनाले देल्ली नाई. मंग मरेपर्यंत गेले दर शनवारी. भायेरच उभे राहत.
फोटो तिनं देवाजवळून काढला. आज देत नाही, म्हणे. त्या दिवशी मीच घेऊन येते.
परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत खिडकीची काच बंद होत नव्हती. डोळ्यांत धूळ गेली.

१८ डिसेंबर
लिहून टाकतो. ही वही कोण वाचतं?
क्लबचे सेक्रेटरी मला म्हणाले होते, सकाळी ज्याच्याकडून मिसेस लोक वांगी घेतात तोच संध्याकाळी स्टेजवर, ऑड दिसतं. तुम्हीच काय ते बघा. मी पाहिलं. पुंजाजीला सांगितलं, म्युझिक बंद. पुढे दोन वर्षं, पुंजाजी वारला तोवर, मी वाजवत राहिलो. जागा त्याच्यासाठी ठेवली नव्हती. ती भरायची कशी, हे मला येत नव्हतं.

२१ डिसेंबर
तीन दिवस ट्रंपेट नाही. खिडक्या उघडून वाजवलं, टाकी रिकामी करून पाहिली. सोळा मात्रा नुसत्या जातात. फार लांब असतात सोळा मात्रा.

२४ डिसेंबर
निश्चय. २८ ला स्टेजवरून खरं सांगणार. भाषण एक पान, पाठ केलं. शकुनला वाचून दाखवलं. हातातलं काम ठेवून तिनं ऐकलं. मग म्हणाली, हेच बोला. यातलं काई कमी करू नोका.
मी शब्दाचा पक्का माणूस आहे.

२८ डिसेंबर, शनिवार, सकाळी ७
तब्येत उत्तम. आवाज उत्तम. कागद खिशात.

२८ डिसेंबर, रात्री ८
माणसं अकरा, हॉल सांभाळणारा नितेश धरून. सात गझलवाले. हॉल सांभाळणारा नितेश धरून.
पार्बताबाई एकटी आली एसटीनं. पोटाशी पिशवी, पिशवीत फोटो, शेवंतीचा हार. फोटो टेबलावर मांडला आणि पहिल्या रांगेत बसली.
मी उभा राहिलो. कागद काढला. ती माझ्याकडेच बघत होती, ऐकायला आल्यासारखी. तोंड उघडलं आणि निघालं ते असं: १९८४ मध्ये पुंजाजींनी घरच्या कारणानं स्वतःहून क्लब सोडला. मी खूप अडवलं.
टाळ्या. गझलवाले जास्त.
शकुन उठून बाहेर गेली.
मग वाजवलं. ॲपचा ताल मध्येच थांबला, एका गॅस कनेक्शनची जाहिरात लागली. तिसऱ्या ओळीला पार्बताबाई उठल्या. हार काढून टेबलावर ठेवला, फोटो पदरानं पुसला, पिशवीत घातला. जाताना नितेशला हळूच म्हणाल्या, साडेसहाची गाडी हाय, अन् फोटो देवाजवळचा हाय बापा, न्यावाच लागते.

२९ डिसेंबर, रविवार
शकुन बोलत नाही.
चुकलं ते गर्दीमुळे. अकरा लोकांसमोर अशी खाजगी गोष्ट बोलणं बरं दिसत नाही. फोनवर सांगता येईल.
सकाळी नऊला लावला. पार्बताबाई म्हणाल्या, पोचली मी बरोबर. मी म्हटलं, बाई, काल स्टेजवर मी जे बोललो ना, ते...
मी पुढचं शोधत होतो.
मग त्याच म्हणाल्या, राहू द्या भाऊ. चाळीस वर्सं झाले. तुमाले थेच पाठ झालं आता.
मी म्हटलं, हो.