वैरागची मंडळी गारदरीला उतरली

गारदरी स्टेशन, घाट
श्रावण चालू आहे. (तारीख नक्की सांगता येत नाही. ओलीमुळे कॅलेंडरची पानं एकमेकांना चिकटली आहेत.)

तीर्थरूप सोमशेखरमामांना मृत्युंजयचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि जुळे सोलापुरातला नळ, तिघांची चौकशी एकदमच करतो. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते मात्र कळवू नका. इथे आमचं पाणी गाडीने येतं आणि मला नळाचा हेवा वाटतो. बाकी मी बरा आहे. उशी ओली असते.

पत्राचं कारण हे की मुलगी दाखवायला नेण्याऐवजी मुलगा बघायला निघालेली तुमची वैरागची मंडळी येऊन गेली. बदली करून सोलापूरला आणलंत तरच मुलगी देऊ, असं सिद्धप्पांनी तुम्हाला बजावलं होतं, हे मला माहीत होतं. पण मधल्या काळात मुलगा राहतो तरी कसा ते बघून घ्या, असं तुम्ही त्यांना सुचवलंत, हे माहीत नव्हतं. केम स्टेशनला एखादी गाडी थांबावी म्हणून लोक किती खटपट करतात, आणि आमच्या भाच्याच्या स्टेशनात सगळ्या एक्सप्रेस थांबतात, असं तुम्ही म्हणालात म्हणे. मामा, ते खोटं नाही. खोटं असतं तर निदान मंडळी आली नसती.

थांबतात, पण घाट उतरणाऱ्या. आणि थांबतात त्या ब्रेक तपासायला. ब्रेक न लागलेली गाडी खाली सुटू नये म्हणून बाजूला एक लाइन डोंगरात चढवून ठेवली आहे. ती कुठेच जात नाही. रुळांचा सांधा कायम तिच्याकडे लावलेला असतो. गाडी उभी राहिली, ड्रायव्हरने शिट्टी दिली, की मी आणि भीमा (आमचे सांधेवाले, माझ्याहून जुने आणि माझ्याहून ओले) तिला खालचा रस्ता देतो. प्रवाशांनी उतरायचं नसतं. फलाट नाही, तिकीट नाही, गावाला जाणारा रस्ता नाही. कारण गाव नाही. चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी इंजिनं असतात. त्या इथे थांबवत नाहीत, चढावर पुन्हा हलवायला जिवावर येतं. थोडक्यात, इथे नियम मोडून येता येतं. जाता येत नाही.

तर त्या दिवशी गाडी थांबली आणि मधल्या डब्यातून आधी एक पत्र्याचा डबा खाली आला. मग कडक भाकरीचं गाठोडं, मग सिद्धप्पा, मग त्यांची मुलगी निवेदिता. मग तिच्या बसव्वाआत्या दारात आल्या आणि तिथेच राहिल्या. शेवटची पायरी आणि खडी यांच्यात माणूसभर अंतर. ड्रायव्हर शिट्टी देतोय, गार्ड शिट्टी देतोय, कंट्रोलचा फोन वाजतोय. गाडी का अडली, असं कंट्रोलने विचारलं. मी म्हणालो, ब्रेक तपासतोय. भीमांनी आत्यांपुढे बॅगा रचल्या आणि पाठ वळवून उभे राहिले. आत्या बॅगांवर बसल्या, बॅगा खडीवर बसल्या, आणि गाडी गेली. त्यानंतर आत्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"गाव कुटं हाय वो?"

नाही म्हणालो. त्या बॅगेवरून उठल्या नाहीत.

सिद्धप्पा अडत दुकानवाले. त्यांनी जमा-खर्च दोन्ही बाजूंनी हिशेबी चौकशी केली. स्टेशन का काढलं? मी म्हणालो, इंग्रजांनी वाफेच्या इंजिनांना पाणी पाजायला काढलं. झरा होता, टाकी बांधली. आता इंजिनं विजेवर चालतात, टाकीत माकडं असतात, झरा आटला आहे. त्यांनी ती डोंगरातली लाइन बघितली. तिच्यावर आतापर्यंत किती गाड्या आल्या? माझ्या वेळात एकही नाही, आणि येऊ नये हेच माझं काम. यावर त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. न येणाऱ्या मालासाठी गाळा धरून बसलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. तेवढ्यात माकडांनी शेंगाचटणीचा डबा नेला. (चटणी लई तिखट होती, असं त्या संध्याकाळी टाकीवरून कळलं.)

परतीचा प्रश्न उरला. शेवटी गँगमनची कामगाडी खाली चालली होती, तिच्यात फावड्यांशेजारी त्यांना बसवलं. वैरागला जायला आधी घाट उतरायचा आणि मग खालून गाडी धरून तोच घाट चढायचा, हे आत्यांना पटेना. दुपारी त्यांनी खालून धरलेली गाडी माझ्यासमोरूनच वर गेली. मी नियमाप्रमाणे हिरवा झेंडा धरून उभा होतो. सिद्धप्पांनी तोंड फिरवलं. आत्यांनी खिडकी लावून घेतली.

मी थकलो आहे, मामा. तुम्हीही माझ्यासाठी खूप फिरलात. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
मृत्युंजय

ता. क. साहेबांना बदलीसाठी भेटायला तुम्ही सोमवारी जाणार होतात. जाऊ नका.

ता. क. दुसरा. आत्या बॅगेवर बसल्या होत्या तेव्हा निवेदिता टाकीकडे आली होती. वैरागला त्यांचं घर दुकानाच्या मागेच आहे. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चहाचं पातेलं खाली उतरत नाही, आणि शाळेत शिकवून आल्यावर ते तिच्याच हाती येतं. तिने विचारलं, चढणाऱ्या गाड्या खरंच थांबत नाहीत? मी नाही म्हणालो. आणि उतरणाऱ्यांतून कुणाला उतरता येत नाही? मी म्हणालो, तुमच्याआधी कुणी उतरलं नव्हतं. मग ती म्हणाली, "मला चालंल की. पण बदली करून घेऊ नका. आणि बाबांना सांगू नका."

तेव्हा सिद्धप्पांना बदलीचं काम जोरात चालू आहे, असं अक्षता पडेपर्यंत सांगत राहा. अक्षतांनंतर अडलं म्हणा. सरकारी काम आहे, त्यांना पटेल.

ता. क. तिसरा. लग्नानंतर तुम्ही आणि मामी या बाजूला यावं अशी आम्हा दोघांची फार इच्छा आहे. जरूर या. गाडी थांबली की खिडकीतून हात करा. उतरू मात्र नका, मनाई आहे.