बाबांसाठी मेंदूचा फोटो

बाबा,

आधी तुम्हाला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार. खोली उजेडाची आहे, वेळेवर जेवतोय. आईचा गुडघा कसा आहे?

काल मेंदूचा स्कॅन झाला. गोळ्या बदलून बदलूनही ज्यांचं नैराश्य हटत नाही, त्यांनाच इथे इस्पितळात तपासतात. नळकांड्यात सरकवलं आणि तुम्ही दुकानात पंपाच्या मोटारी ठोकता तशी ठोकाठोक सुरू झाली. घाबरलो तर दाबायला हातात रबरी फुगा होता. दाबला नाही, हे आईला सांगा. मूठ घामाने भिजली होती, ते नका सांगू.

निघताना तुम्ही म्हणालात, "फोटोत दिसलं तर मानीन. नाहीतर मनावर घे आणि कामाला लाग." म्हणून डॉक्टरीणबाईंकडे फोटो मागितला. त्या म्हणाल्या, "न्या खुशाल, पण बोट ठेवून दाखवावं असं त्यात काही नाही. शेकडो आजारी आणि शेकडो निरोगी मेंदू ताडून पाहिले, तर थोडा फरक दिसतो. एकट्याच्या फोटोत नाही दिसत. म्हणून आजार नाही असं नव्हे."

फोटो सोबत आहे. एखाद्या ठिपक्याभोवती खोटंच वर्तुळ काढावं, असं मनात आलं होतं. काढलं नाही.

बाबा, पंपाच्या कितीतरी मोटारी तुम्ही उघडल्यात. आतलं तारांचं वाइंडिंग झकास दिसतं, तरी एखादी लोड घेत नाही, पाणी चढवत नाही. तिला तुम्ही दुकानात ठेवून घेता, पुन्हा पुन्हा उघडता. "मनावर घे" असं एकीलाही कधी म्हणाला नाहीत.

उत्तर आईकडून नको. तुमच्या हातचं हवंय.

तुमचाच,
बारक्या