एकेचाळीस नंबरचा साडू

३ मे, सकाळ
काल परदेशात पाऊल ठेवलं आणि विमानतळावरच उजव्या बुटाचा तळ सुटला. बाहेर येईपर्यंत टाळ्या वाजवत चाललो. पंधरा दिवस धाकट्या मेव्हणीकडे मुक्काम. शनिवारी इथल्या मंडळात माझं व्याख्यान, विषय स्वावलंबन. लग्न झाल्यापासून सौ.ने माझं एकही भाषण शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. परक्या गावात उठून जाणार कुठे? ऐकेल.
बूट आज घेऊन टाकू, असं साडू म्हणाला. निश्चय: हा माणूस आवडून घ्यायचा.

३ मे, संध्याकाळ
साडूचा पाय एकेचाळीस नंबरचा. दुकानात त्याला सेलमधला पहिलाच जोड चपखल बसला. किती सुबक पाऊल आहे, असं सौ. म्हणाली. माझ्या कोणत्याही अवयवाला तिने आजवर सुबक म्हटलेलं नाही.
ही सगळी मंडळी पैसे द्यायला काउंटरवर गेल्यावर मी माझं माप दिलं. अठ्ठेचाळीस. सेल्सगर्ल म्हणाली, आमच्याकडे शेहेचाळीसपर्यंतच असतात. समतेच्या गप्पा मारणारी राष्ट्रं शेहेचाळीसावर थांबतात, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तिने पाण्याचा ग्लास आणून दिला.
घरच्यांना सांगितलं, डिझाइन पसंत नाही.

४ मे
आणखी तीन दुकानं. अठ्ठेचाळीसात फक्त हिरवे गमबूट. व्यासपीठ म्हणजे चिखल नव्हे. बाहेर येऊन पुन्हा डिझाइनवर टीका केली. नवरीच्या शालूलासुद्धा एवढे नखरे नसतात, असं मेव्हणी म्हणाली. सौ.ने साडूला विचारलं, फिरून फिरून तुमचे पाय दुखले असतील ना? माझेही दोन आहेत.

५ मे
जेवताना साडू म्हणाला, भाऊसाहेब, ऑनलाइन मागवतो, उद्या येतील, फक्त नंबर सांगा. त्याचे एकेचाळीस टेबलाखाली नीट जुळवून ठेवलेले. मी म्हणालो, चव्वेचाळीस. वाढता वाढता सौ.चा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. कौतुकाने असावं.
निश्चय: मीठ बंद. पाय रात्रभर उशीवर. इच्छाशक्तीपुढे चार नंबर म्हणजे काय?

६ मे
बूट आले. देखणे आहेत. पैसे घ्यायला साडू तयार नाही. असं करून तो सौ.वर छाप पाडतो. घालून पाहिले नाहीत. आत्मविश्वास असला की तालीम लागत नाही.

७ मे
मीठ नसलेलं पिठलं. पाय होते तेवढेच आहेत. कदाचित उशी पातळ होती.

८ मे, शनिवार
सभागृहाच्या स्वच्छतागृहात बूट चढवले. पायांनी विरोध केला, मी ऐकला नाही. सौ. पहिल्या रांगेत.
माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, एवढं बोललो आणि अध्यक्षांच्या मांडीवर बसलो. अध्यक्षांनी मोठ्या मनाने खुर्ची सोडली. पुढचं काही आठवेना, बोटं तेवढी आठवत होती. दहा मिनिटांत समारोप.
वेळ भरून काढायला साडूला उभं केलं. नोकरी गेली तेव्हा इथे भांडी घासून दिवस काढले, ते त्याने साध्या शब्दांत सांगितलं. हातवारे नाहीत, अवतरणं नाहीत. सौ.ने डोळे पुसले. शेवटपर्यंत बसली.
नंतर बूट निघेनात. साडू जमिनीवर बसून ओढायला लागला, मेव्हणीने मला मागून धरलं. एकदाचा निघाला तेव्हा साडूने बुटाकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, भाऊसाहेब, खरा नंबर काय?
मी घसा साफ करेपर्यंत सौ.ने सांगून टाकलं, अठ्ठेचाळीस. घरी यांचे बूट मीच तर करवून आणते.
मग त्या दिवशी जेवताना का बोलली नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, वाट बघत होते. तुम्ही कधी तरी खरं बोलाल म्हणून.

९ मे
पाय गरम पाण्यात. पाणी साडूनेच आणून दिलं. शेजारच्या खोलीत सौ. त्याच्या भाषणाचं रेकॉर्डिंग पुन्हा लावून ऐकते आहे.
निश्चय: या माणसाचा मत्सर सोडायचा. सूज उतरली की लगेच.